टॉवेलाखालचा हात

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिरनवाडीतल्या एका नव्या शेडमध्ये मागाखाली आडवी होऊन वायर ओढत होते. फोन श्रेणिकचा होता. "वैजू, आप्पा गेले गं. सकाळी बस्तीतनं देवदर्शन करून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि..." मी हातातला पाना खाली ठेवला, आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो लिहायला मला लाज वाटते. पण तो लपवला तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही. माझ्या मनात आलं, आप्पांचा कंपनीतला वाटा आता श्रेणिकच्या घरात जाणार. माणूस जाऊन दोन तास झाले नव्हते, अजून त्याला अंगणात आणलं नव्हतं, आणि मी मागाखाली पडल्या पडल्या संशय घेत होते. आता या गोष्टीला सव्वा महिना झाला. त्या वेळी मला वाटलं होतं की हा संशय आप्पांवरचा शेवटचा. तेही खोटंच निघालं.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी बेळगावातल्या वडगावची, विणकराची मुलगी. घरात दोन माग, वडील लवकर गेले, आईनं त्या दोन मागांवर साड्या काढून मला इंजिनिअर केलं. श्रेणिक निपाणीजवळच्या एका खेड्यातला, कॉलेजात माझ्या वर्गात. आई स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणायची, "बाहेरच्या मागावर धागा तुटलाय बघ." तिला न बघता कळायचं, कारण तुटलेला धागा शेजारच्या धाग्यांत अडकला की मागाचा आवाज किंचित बदलतो. आईच्या कानाला जे कळतं ते एका छोट्या पेटीला कळावं आणि पेटीनं माग थांबवावा, एवढीच आमची कल्पना. माग मला कळत होते, पेटीचं डोकं, म्हणजे आतला प्रोग्रॅम, श्रेणिक लिहीत होता. त्यातून कंपनी निघाली. आणि त्या कंपनीत सगळ्यात पहिल्यांदा पैसे घातले ते पायगोंडा आप्पांनी, म्हणजे श्रेणिकच्या आजोबांच्या धाकट्या भावानं. निपाणीच्या बाजारात त्यांनी जन्मभर तंबाखूचा व्यापार केला आणि तोंडात चिमूटभर कधी टाकला नाही. "इकणारा खात न्हाय, ह्यावरनंच वळखायचं माल कसला हाय ते," असं स्वतःच सांगायचे आणि खदाखदा हसायचे.

पहिल्यांदा ते आमच्या घरी पेटी बघायला आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर काळी टोपी, खांद्यावर लाल पट्टीचा पांढरा टॉवेल. आम्ही लॅपटॉप उघडून ठेवला होता, त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ मागाजवळ गेले आणि अंगठ्याच्या नखानं चालत्या मागाचा एक धागा तोडला. काही क्षण गेले, पेटी वाजली, माग थांबला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "आता पेटी बंद कर." श्रेणिकनं बंद केली. त्यांनी माग सुरू करायला लावला आणि दुसरा धागा तोडला... बंद पेटी वाजते का ते बघायला! आमच्यापैकी कुणी खिशातून बटण दाबत असेल, अशी त्यांना शंका होती. स्वतःच्या नातवावर. आईचा मात्र पारा चढला. "अण्णा, पेटी बघाय आलाय की माझा ताणा तोडाय आलाय?" आप्पांनी तिला हात जोडले आणि खाली बसून ते दोन्ही धागे स्वतः जोडून दिले. गाठ कशी मारायची ते आईला विचारून मारली. मग मला म्हणाले, "तंबाखूच्या पोत्यात वरचा पाला दाखवाय ठेवलेला असतोय पोरी. मी हात कायम मधी घालतो." पैसे किती दिले ते लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. अट मात्र एकच घातली. पुढे जिथे जिथे आम्ही पैसे मागायला जाऊ, तिथे तिथे ते बरोबर येणार. आणि मोठा कुठलाही निर्णय तिघांच्या सहीशिवाय होणार नाही.

आप्पांची आणखी एक सवय होती, आणि ती आमच्या भागातल्या माणसालाच सुचू शकते. महत्त्वाचा प्रश्न ते एकदा मराठीत विचारायचे. मग हवापाण्याच्या गप्पा, पिकाच्या गप्पा, कुणाचं लग्न कुठे ठरलं... आणि अर्ध्या तासानं तोच प्रश्न कन्नडात, सहज, जणू आत्ताच सुचला. दोन्ही उत्तरं जुळली तर मान डोलवायची. "एका भाषंत खोटं पाठ करून येता येतंय. दुसरीत पाठ नसतंय," हे त्यांचं म्हणणं. आमच्याकडे दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात, त्यामुळे या जाळ्यात बँकेतल्या साहेबापासून सुटे भाग विकणाऱ्यापर्यंत सगळे सापडायचे. मी पण सापडले आहे, ते पुढे येईलच.

बेंगळूरला जायचं ठरलं ते दोन वर्षांपूर्वी. छोट्या गावांतल्या आठ-दहा कंपन्यांना तीन दिवस बोलावलं होतं. गुंतवणूकदार भेटणार, अनुभवी माणसं शिकवणार, आणि जमलं तर शेवटच्या दिवशी बोलणी पक्की होणार. आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. आप्पांकडे घरून गाळून उकळून आणलेल्या पाण्याच्या चार बाटल्या, दशम्यांचा डबा आणि खिडकीची जागा. गाडी सुटल्यावर त्यांनी आम्हाला एकच उपदेश केला. "तिथं जो लई लवकर आपला म्हणंल, त्याच्याकडं दोनदा बघायचं." मी मनात म्हटलं, हा माणूस आम्हाला तिथे काहीही मिळू देणार नाही.

खोटं कशाला बोलू, त्या तीन दिवसांत मी खूप शिकले. एका बाईंनी शिकवलं की विणकराला आधी पंधरा मिनिटं बोलू द्यायचं आणि तोवर पेटी पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. ते मी आजही पाळते. "माहीत नाही" हे तीन माणसांसमोर सरळ कसं म्हणायचं, तेही तिथेच शिकले. आणि तिथे एक साहेब होते. त्यांचं नाव लिहीत नाही, नुसतं साहेब म्हणते. पन्नाशीचे, अगदी साधे कपडे, कन्नड गोड, इंग्रजी त्याहून गोड. त्यांना आमची कंपनी फार आवडली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि आईची, भाकरीची, आवाजाची गोष्ट सांगायला लावली. दोघी-तिघींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत नवीन पाहुणे आले, पुन्हा तीच. मी हवेत होते. दुपारी आप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वैजू, एक बघितलीस काय? तुला त्यो गोष्ट इचारतोय. काम सगळं श्रेणिकला इचारतोय."

मला ते झोंबलं. माझं कौतुक ह्या म्हाताऱ्याला बघवत नाही, असंच वाटलं. मी म्हणाले, "आप्पा, श्रेणिक तुमच्या घरचा. तुम्हाला त्याचंच दिसणार." बोलून गेले आणि जीभ चावली. आप्पांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला आणि गेले.

त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर सगळ्यांचं जेवण होतं. आप्पा जैन, सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसत. साडेपाचलाच खोलीत डबा उघडून ते मोकळे झाले होते. त्यामुळे सगळे ताटं घेऊन फिरत होते आणि आप्पा नुसते हात मागे बांधून फिरत होते. जेवणाऱ्या माणसाचं लक्ष ताटात असतं. आप्पांचं सगळीकडे होतं. मी आणि श्रेणिक एका टेबलाशी खात बसलो होतो. सहज मान वर केली तर पलीकडे, कुंड्यांजवळ, आप्पा आणि साहेब उभे. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर पसरला होता, आणि त्याच्याखाली साहेबांचा हात धरला होता.

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नसत. देणारा आणि घेणारा कापडाखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कापडाखाली काय चाललंय ते त्या दोघांनाच कळायचं. आप्पांकडून हे मी ऐकलं होतं, आणि त्याचे दोन नियमही. कापडाखाली खोटं दाबायचं नाही. आणि तिथे जे झालं ते तिसऱ्याला कधी सांगायचं नाही. हे दोन नियम ज्यानं मोडले त्याच्याशी आप्पांनी पुन्हा व्यवहार केला नाही, मग तो सख्खा साडू का असेना. आणि आता माझ्या डोळ्यांसमोर तोच टॉवेल, तोच सौदा. साहेब हसत होते. आप्पांनी एकदा आमच्या टेबलाकडे बघितलं. साहेबांनीही बघितलं. मग टॉवेल परत खांद्यावर गेला. हातातला घास ताटात परत ठेवून मी श्रेणिकला म्हणाले, "तुझे आप्पा परस्पर काय ठरवालेत तिथं?" श्रेणिक म्हणाला, "इचार की त्यांनाच." आणि पुन्हा ताटात बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी पक्की व्हायची होती. आम्ही तिघं खोलीत बसलो, कागद समोर होते, श्रेणिकनं पेनाचं टोपण काढलं होतं. आप्पा म्हणाले, "मी सही करणार न्हाय." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कारण विचारलं. म्हणाले, "सांगता येत न्हाय." मी चिडले, रडले, वाट्टेल ते बोलले. आईच्या दोन मागांची शपथ घातली. आप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले होते. एवढंच म्हणाले, "न्हाय म्हटलं म्हंजे न्हाय, पोरी. कारण इचारू नगंस." श्रेणिक एक अक्षर बोलला नाही. साहेबांनी कुणालाही न दुखावता कागद परत घेतले आणि आमच्याशी हात मिळवून निरोप दिला.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं. कापडाखाली आप्पांनी स्वतःच्या वाट्यासाठी वेगळं काहीतरी मागितलं असणार. साहेबांनी दिलं नसणार. म्हणून सही नाही. ह्यात न जुळण्यासारखं काय होतं? व्यापारी तो शेवटी व्यापारी, आणि रक्ताचा माणूस श्रेणिकचा, माझा नाही. आप्पांनी दशमी पुढे केली. मी म्हणाले, "माझा उपास हाय." त्यांनी डबा मिटला. मग हुबळी आली, मी पाय मोकळे करायला खाली उतरले आणि फलाटावर दोन इडल्या खाल्ल्या. गाडी सुटल्यावर थोड्या वेळानं आप्पांनी खिडकीबाहेर बघतच सहज विचारलं, "ऊटा आयता?" जेवण झालं का, हे आमच्याकडे कन्नडात दिवसातून दहादा कानावर पडतं. आणि मी तितक्याच सहज "आयतु" म्हणून मोकळी झाले. झालं म्हणून. आप्पा माझ्याकडे वळून हसले. मला इतका राग आला की बेळगाव येईपर्यंत मी डोळे मिटून बसले.

त्यानंतरची दोन वर्षं मी आप्पांशी कशी वागले ते सांगायला हवं, कारण हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. भांडण मी केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त त्यांना काही सांगेनाशी झाले. कागद पाठवायचे तेवढे पाठवायचे, विचारलं तेवढंच उत्तर, तेही आधी मनात दोन्ही भाषांत जुळवून. आमची महिन्याची बैठक आमच्या घरातल्याच ऑफिसात व्हायची, पूर्वी सकाळी अकराला. ती मी संध्याकाळी साडेपाचला नेली. कारण सांगितलं की दिवसा मी शेडवर असते. खरं कारण वेगळं होतं. साडेपाच ही त्यांची जेवणाची वेळ, आणि बैठक उरकून निपाणीची बस धरली तर घरी पोचायला अंधार. मला वाटलं, दोन-तीनदा उपाशी राहिले की येणं सोडतील. त्यांनी सोडलं नाही. डबा घेऊन यायचे, दाराजवळच्या लोखंडी खुर्चीत पाठ भिंतीला लावून बसायचे, आणि आम्ही बोलत असताना बाहेरचा उजेड जायचा. डबा तसाच परत जायचा. एकदा आई म्हणाली, "अण्णा, आधी दोन घास खाऊन घ्या की. दिवस मावळाय लागलाय." आप्पा म्हणाले, "वैजूचं काम चाललंय न्हवं, होऊ दे." त्या रात्री आईनं मला फैलावर घेतलं. मी तिलाही म्हणाले की तुला काय माहीत हा माणूस कसा आहे ते.

कंपनी मात्र चालली. बेंगळूरच्या पैशाशिवाय हळूहळू चालली, वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत एकेक माग करत चालली. त्याचं श्रेय मी आप्पांना दिलं नाही. उलट मनात म्हणत राहिले, ते पैसे आले असते तर आज कुठे असतो...

शेवटची बैठक त्यांच्या जाण्याआधी दोन आठवडे झाली. आप्पा जरा वाळल्यासारखे वाटले. बैठक संपली, उठले, दारापर्यंत जाऊन मागे वळले. "तुझं आणि श्रेणिकचं बरं चाललंय न्हवं?" मी म्हणाले, "व्हय आप्पा." त्यांनी चपला घातल्या, आईशी दोन शब्द बोलले, आणि फाटकाजवळ मला पुन्हा तेच विचारलं, कन्नडात. मी पुन्हा होच म्हणाले. त्यांनी मान डोलवली. ते गेल्यावर बघते तर टॉवेल खुर्चीच्या पाठीवरच राहिलेला. आप्पा कधी काही विसरत नसत. पेन्सिलीचा तुकडासुद्धा मोजून खिशात टाकणारा माणूस. मी टॉवेल खिळ्याला अडकवून ठेवला, पुढच्या वेळी नेतील म्हणून. तो मुद्दाम ठेवला होता का, ही शंका मला तेव्हा आली नाही. आता येते.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीला आम्ही आक्का म्हणतो. आक्का सोप्यात एकट्याच बसल्या होत्या. मला जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मी म्हणाले, "आक्का, माझं आणि आप्पांचं अलीकडं जरा..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "म्हाईत हाय गं मला. मी म्हणायची त्यास्नी, ती पोरगी रागावलीया तुमच्यावर, सांगून टाका की काय असंल ते. तर म्हणायचे, रागावू दे. आता ती माझ्यावर सुदीक इस्वास ठेवत न्हाय. लई चांगली शिकलीया, तिला आता कोण फसवत न्हाय." आणि पदर डोळ्याला लावता लावता आक्का हसल्या. मी पण हसले. सांगून टाका म्हणजे काय, हे विचारायचं धाडस झालं नाही. बसमध्ये बसल्यावर तो शब्द डोक्यात फिरत राहिला.

मग गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. आप्पा गेल्याचं त्यांना कुणाकडून तरी उशिरा कळलं होतं. कन्नडात बोलत होते, मनापासून बोलत होते. म्हणाले, असा माणूस पुन्हा भेटला नाही, त्यांच्या टॉवेलाचा खेळ मी अजून मित्रांना सांगतो. माझे कान उभे राहिले. मी आवाज साधा ठेवून विचारलं, कसला खेळ? साहेब हसत म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? मला म्हणाले, आमच्या बाजारात असं असतं, कापडाखाली खोटं बोलायचं नाही. मग विचारलं, ही दोन पोरं आहेत, तुमचे पैसे आल्यावर दोन वर्षांनी यातली किती राहतील? मी खेळ म्हणून एक बोट दाबलं. त्यांनी तुमच्या टेबलाकडे बघितलं, म्हणजे कोण म्हणून. मी त्या मुलाकडे बघितलं." जरा ओशाळून ते पुढे म्हणाले, "राग मानू नका. धंद्यात तसंच असतं. तुमची गोष्ट आम्हाला सुरुवातीला हवी होती, पुढे पेटीचं डोकं लिहिणारा हवा होता."

मी आभार मानून फोन ठेवला. अर्धा तास जाऊ दिला. मग मीच त्यांना उलट फोन लावला, एका कागदाचं निमित्त काढलं, आणि बोलता बोलता तोच प्रश्न पुन्हा विचारला. इंग्रजीत. उत्तर जसंच्या तसं आलं. एक बोट, आणि तो मुलगा.

म्हणजे आप्पांच्या रक्ताचा माणूस राहणार होता आणि विणकराची पोर जाणार होती, आणि आप्पांनी सही केली नाही. कारण सांगितलं नाही, कारण कापडाखालचं तिसऱ्याला सांगायचं नसतं. साहेबांसाठी तो खेळ होता. आप्पांसाठी तो बाजार होता, आणि ते त्याच्या नियमानं बांधले गेले. पण मला वाटतं, नियम नसता तरी त्यांनी सांगितलं नसतं. मला कळलं असतं तर मी श्रेणिककडे आयुष्यभर तिरक्या नजरेनं बघितलं असतं. माझ्यासारखी बाई संशयाशिवाय राहत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तो कुणावर तरी पडणारच होता. त्यांनी तो स्वतःवर घेतला, दोन वर्षं, उपाशी पोटी. मी त्या रात्री आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई केसांतून हात फिरवत राहिली.

पण खरं सांगते, रडून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नवा प्रश्न उभा राहिला. श्रेणिकला त्या दिवशी माहीत होतं का? तो ताटात का बघत बसला? खोलीत एक अक्षर का बोलला नाही? साहेबांनी आधीच त्याच्या कानावर घातलं होतं का, आणि टोपण काढून तो सही करायला तयार बसला होता का? दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. त्याला हे मराठीत आणि मग कन्नडात विचारण्यात अर्थ नव्हता. तो आप्पांच्या मांडीवर वाढलेला, ती युक्ती तो माझ्याआधी शिकलेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेडवरून आले, तो ऑफिसात एकटाच होता. मी साहेबांच्या फोनबद्दल सगळं सांगितलं. मग मी खिळ्यावरचा टॉवेल काढला, त्याच्यासमोर बसले आणि हातावर पसरला. श्रेणिकचा चेहरा उतरला.

"वैजू, ह्याच्याखाली खोटं चालत न्हाय."

"म्हणून तर घेतलाय. तुला त्या दिवशी म्हाईत होतं? व्हय असंल तर एक बोट दाब. न्हाय असंल तर मूठ धर."

त्यानं हात टॉवेलाखाली सरकवला. बाहेर आईचा माग चालू होता, एकसारखा. मग त्यानं उत्तर दिलं. मी हात काढणार तेवढ्यात त्यानं तो धरून ठेवला. "आता माझा प्रश्न. अजून हाय काय संशय माझ्यावर?" मग मलाही दाबावं लागलं... खरं ते.

त्यानं काय दाबलं आणि मी काय दाबलं, ते इथे लिहिणार नाही. आप्पा आणि साहेबांमधलं लिहिलं, तेही खरं तर लिहायला नको होतं, पण ते साहेबांनीच फोडलं होतं. हे आमच्या दोघांचं आहे.

टॉवेल आता खिळ्यावर नसतो. दाराजवळच्या लोखंडी खुर्चीच्या पाठीवर असतो, त्यांनी ठेवला होता तसा. परवा आमची या महिन्याची बैठक झाली. मी आणि श्रेणिक, दोघंच. वेळ मी बदलली आहे. आता बैठक दुपारी दोनला असते. तीनला संपवून बस धरली, तर दिवस मावळायच्या आत निपाणीला पोचून जेवता येतं.